मामांच्या पत्रातलं तळं

उभ्या मराठवाड्यात खुर्चीवरून न उठता रोज हैदराबादला जाऊन येणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो आमच्या थोरल्या आत्याचा नवरा होता. ही अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती हा मामांचा मुलूख. मी त्या मुलखातली साधी रयत. आत्याचे यजमान म्हणून आम्ही भाचरं त्यांना मामा म्हणायचो, आणि आमचं ऐकून सगळं ईट गाव त्यांना मामा म्हणायला लागलं. त्यांच्याहून दहा-दहा वर्षांनी थोरली माणसंही 'ओ मामा' अशीच हाक मारायची. त्याचा एक फायदा होता. त्यांच्यावर कुणाला रागवायचं झालं तरी सुरुवात 'ओ मामा'नंच करावी लागे, आणि तिथंच निम्मा राग उतरे.

आमच्या भूम तालुक्यात जमीन हलकी, पाऊस लहरी, पण म्हशी मात्र इमानी. दूध लांब पाठवावं तर वाटेत नासतं, म्हणून ते आटवून खवा करायचा आणि खवा शहरात धाडायचा, ही इथली जुनी रीत. त्या खवेवाल्यांनी मिळून एक सहकारी सोसायटी काढली होती. पुढच्या खोलीत चेअरमन, वजनकाटा आणि पुढाऱ्यांच्या तसबिरी. आतल्या खोलीत मामा. आतल्या दाराला दोन फळ्या होत्या आणि त्यावर पाटी रंगवलेली होती, 'विक्री व धंदावाढ'. पेंटरचा अंदाज चुकल्यामुळं 'विक्री व' एका फळीवर बसलं आणि 'धंदावाढ' दुसरीवर गेलं. ती दुसरी फळी उघडी टाकली की भिंतीला चिकटायची, त्यामुळं दिवसभर नुसती विक्रीच दिसायची. मामा म्हणायचे, "दार लावून घ्या भाचेबुवा, दार लावल्याबिगर आपला धंदा वाढत न्हाय." दार लावायला मी होतो. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गचकलेला, वर नुकताच बोहल्यावर चढलेला. आत्यानं चेअरमनच्या मंडळींकडं शब्द टाकून मला मामांच्या समोरच्या टेबलावर आवक-जावक लिहायला चिकटवला होता.

विक्रीचा माणूस म्हटलं की हातात पिशवी आणि पायात वहाण हवी. मामांच्या पायात वहाण असायची ती टेबलाखाली काढून ठेवण्यापुरती. त्यांना एस.टी. लागायची. लागायची म्हणजे किती, तर लांबून गाडीचा धूर दिसला की ते तोंडाला रुमाल लावायचे. एकदा सगळ्यांनी आग्रह करून त्यांना बार्शीच्या गाडीत बसवलं. पहिल्या थांब्यालाच उतरून ते भर उन्हात चालत परत आले आणि आल्या आल्या खुर्चीवर बसून त्यांनी बार्शीच्या हलवायाला पत्र लिहिलं, 'आपणाकडे येत होतो, अर्ध्यातून ओढ लागून परतलो.' ती ओढ पोटाची होती, हे त्या हलवायाला काय माहीत? त्यानं खव्याचे जास्तीचे दोन डालगे मागवले. हिंडायचं काम संचालक मंडळानं स्वतःकडं घेतलं होतं. ते बाजाराचा अभ्यास करायला पुण्याला जात आणि येताना नवे सदरे शिवून आणत. गिऱ्हाइकं मात्र खुर्चीवरचे मामाच आणत.

ती कशी आणत, हे मला सहा महिने कळलं नाही. मामा कधीही न पाहिलेल्या गावांची माहिती अशी सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस तिथं मुन्सिपालटीत आहे. मी पहिल्यांदा सोलापूरला बिल घेऊन निघालो तेव्हा म्हणाले, "स्टँडवरून सरळ जा. दात पडलेला पानवाला लागंल, तिथनं डावीकडं. आपल्या हलवायाच्या दुकानापुढं गटारीवर फरशी हाय, ती हालती. उजवा पाय टाकू नगा." मी मनात म्हटलं, म्हातारं बोलतंय आपलं. पानवाला खरोखरच बोळका निघाला तरी माझा विश्वास बसेना. मी मुद्दाम उजवा पाय टाकला, आणि माझा उजवा पाय घोट्यापर्यंत सोलापुरात गेला. परत आल्यावर मामांनी माझ्या धोतराकडं एकदा पाहिलं आणि तिथल्या हलवायाच्या नावाचा कागद माझ्यापुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'फरशी अजून तशीच. मागल्या आखाडात स्वतः घसरले. दाणेदार माल लागतो. सून बाळंतपणाला माहेरी.'

असा एकेक कागद प्रत्येक गिऱ्हाइकाचा होता, त्याच्याच पत्रांतून वेचलेला. त्या जोरावर मामा खवा आणि गिऱ्हाईक यांची पत्रिका जुळवायचे. सकाळी भट्ट्यांवरून खवा आला की प्रत्येक गोळ्याची चिमूट तळहातावर मळायची, डोळे मिटायचे आणि निवाडा द्यायचा, "हा पेढ्याचा. ह्याला पुण्याला देऊ नगा, तिथं गुलाबजाम करून ह्येचं वाटोळं करतील." खव्याच्या पाट्या उचलणारा हमाल म्हणायचा, "मामा, पोरगी देताना तरी एवढं बघितलं हुतं का?" मामा म्हणायचे, "पोरगी बोलती, बाबा. खवा बोलत न्हाय. त्येचं आपुन बघाय पायजे."

गावात टेलिफोन एकच, पोस्टातला. ट्रंककॉल लावायचा असला की मामा आंघोळ करून लग्नातला काळा कोट चढवत, टोपी झटकत, आणि पोस्टात जाऊन उभे राहत. कॉल लागायला दोन-तीन तास सहज जात. पोस्टमास्तर बाकडं दाखवून दमले, पण मामा बसले नाहीत. "बसून बोललं की आवाजाला कुबड येतं. गिऱ्हाइकाला लगीच कळतं," म्हणायचे. आणि कोट कशाला, असं विचारलं तर डोळे मोठे करून म्हणायचे, "नुसत्या बंडीवर उभ्या माणसाकडनं तुमी खवा घ्याल का?" मग कॉल लागे आणि मामा असे ओरडत की मधल्या तारा काढून घेतल्या असत्या तरी चाललं असतं. पण धंद्याचं बोलणं शेवटच्या घडीला. आधी तब्येत, मग पाऊस, मग पोरंबाळं. खव्याचा विषय निघेपर्यंत एक्स्चेंजमधली बाई कॉल तोडायची.

ह्या सगळ्या गिऱ्हाइकांत मामांचा जीव होता तो हैदराबादच्या हलवायावर. सोसायटीचा निम्मा खवा त्यांच्या एकट्याच्या कढईत जायचा. हे गिऱ्हाईक मिळालं तेही मामांच्या उर्दूमुळं. मामा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. पुढं निजाम गेला, शाळा मराठी झाली, आणि मामांची उर्दू सासरहून आलेल्या तांब्याच्या घंगाळासारखी माळ्यावर पडून राहिली. कुणीतरी हैदराबादहून मिठाईचा डबा आणला, त्यावर उर्दूत पत्ता होता, मामांनी तो वाचला आणि घंगाळ खाली आलं. तेव्हापासून दर आठवड्याला उजवीकडून डावीकडं एक पत्र जाई. ते लिहिताना मामांचा चेहरा बघण्यासारखा असे. चार ओळी लिहायच्या, दौत मिटायची, डोळे मिटायचे. चेअरमन दारातून डोकावत, "ओ मामा, झोपलासा का?" मामा डोळे न उघडता म्हणत, "न्हाय जी. हैदराबादला गेलतो." सोसायटीत दुसऱ्या कुणाला उर्दूचं अक्षर येत नव्हतं. दर कळवत असतील, असं सगळे समजून होते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाऊस आलाच नाही म्हणताना आधी वैरण संपली, मग दूध, मग खवा. ज्या दारात रोज धूर निघायचा तिथं कढया पालथ्या पडल्या आणि त्यांच्यावर कोंबड्या बसू लागल्या. गावाजवळच्या खोलगट माळावर सरकारनं दुष्काळी काम काढलं, पाझर तलावाचं. खवेवाले, त्यांच्या बायका, आमचा हमालसुद्धा, सगळे तिथं माती उपसायला आणि खडी फोडायला गेले. सोसायटीच्या बैठकीत चेअरमन म्हणाले, "ओ मामा, माल न्हाय तर इकायचं काय? धंदाच न्हाय तर वाढवायचं काय? टपाल बंद. आन पाडव्यापास्नं आतली खोली बंद. तुमी तलावावर हजेरी घ्या."  खोलीत आल्यावर मामांनी आपणहून दार लावून घेतलं आणि धंदावाढीची फळी नीट बसवली. त्या दिवसापासून हैदराबादचं पत्र थांबलं.

दोन महिने गेले. आणि पाडव्याच्या आधी आठ दिवस हैदराबादहून तार आली. तार इंग्रजीत, म्हणून ती वाचायला मला बोलावलं. मॅट्रिकच्या दोन्ही खेपांचा घाम मला त्या एका ओळीत फुटला. हैदराबादचे हलवाई स्वतः येत होते, सोमवारी. चेअरमन खुर्चीतून उठले. "निम्मा माल घेणारा माणूस हाय. दुसरी कुठली सोसायटी धरली आसंल, आन आपल्याला तोंडावर सांगाय येतोय. ह्यो तुटला तर पाऊस पडूनबी भट्ट्या पेटत न्हायत्या. मामा, सांभाळा बाबा." मामांच्या तोंडावर एस.टी. लागल्यासारखी कळा आली होती.

आतल्या खोलीत आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "भाचेबुवा, एक घोटाळा झालाय."

"कसला?"

"तळ्याचा."

"कसलं तळं?"

"आपल्या गावचं."

आपल्या गावाला तळं नव्हतं. ओढा होता, त्यात पाणी आलं की लोक बघायला जायचे. मामा हळूहळू सांगू लागले. पहिल्याच पत्रात हलवायानं विचारलं होतं, तुमच्याकडं जनावरं पाणी कुठं पितात? "आता आडातनं पोहऱ्यानं शेंदून पाजतो, असं लिवाय मन झालं न्हाय. म्हणून एक बारकं तळं लिवलं. गुडघाभर पाण्याचं. पुढल्या पत्रात त्येंनी तळ्याची खुशाली इचारली. मग ते वाढलं."

"किती वाढलं?"

"पल्याडचा काठ दिसत न्हाय सकाळी, धुक्यात," मामा म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचे डोळे मिटले. "पाणी हिरवट काळं. सांजच्याला म्हशी उतरत्यात तवा नुसती शिंगं दिसत्यात, आन शिंगावर बगळे. उगवतीला आंब्याची झाडं. वारं आलं की पाण्याचा वास येतो घरापोत्तर." खिडकीबाहेर वावटळ फिरत होती, आणि मला, खरं सांगतो, क्षणभर तो वास आला. मग मामांनी डोळे उघडले. "कमळं गेल्या सालापास्नं हायत," ते अपराध्यासारखं म्हणाले. "आता तळं आटलं, असं लिवाय हात उचलंना. टपाल बंद झालं तवा म्या मनातनं सुटलोच म्हणा की."

सोमवारी हलवाई आले. साठीचे, बारीक अंगाचे, काळी शेरवानी, आणि हातात छत्री. थेंब न पडलेल्या वर्षी हातात छत्री घेतलेला माणूस बघून स्टँडवरचे लोक उठून उभे राहिले. "मामासाब कौनसे?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं पत्रं लिहून एकमेकांच्या चेहऱ्याचा विषय कधी निघाला नव्हता. दोघं एकमेकांकडं बघत राहिले, आणि मग हलवायांनी मामांना जवळ घेतलं. आत्यानं चहा केला, तो कोरा, गुळाचा. खव्याच्या गावात पाहुण्याला द्यायला चमचाभर दूध नाही म्हणून ती दाराआडूनच कप सरकवत होती. हलवायांनी बर्फीचा डबा काढला आणि मान खाली घालून म्हणाले, "दूसरे के खोये की है. माफ करना." आणि मग, ज्याची भीती होती ते आलं. "मामासाब, चलो, तालाब पे चलेंगे."

चेअरमनना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण निम्मा माल डोळ्यांपुढं होता, आणि ते तसे हजरजबाबी. "तलाव? हाय की! चला चला," म्हणत ते पुढं झाले आणि पाहुण्यांना थेट दुष्काळी कामावर घेऊन गेले. समोर माळभर माणसं. घणाचे आवाज, पाट्यांची रांग, आणि धुळीचा लोट.

"ये?" हलवाई म्हणाले.

"ह्योच," चेअरमन म्हणाले. "सध्या जरा साफसफाई चाललीया."

"और कमल?"

चेअरमनना हा घाव नवा होता. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मामांकडं. "कमळं," ते म्हणाले, "काढून ठिवल्यात."

तेव्हा मामा पुढं झाले. कोटाची बटणं त्यांनी नीट लावली, जणू ट्रंककॉल लागला होता. "भाईसाब, तालाब नहीं है," ते म्हणाले. "कभी था ही नहीं. मैंने लिखा, बस." आणि मान खाली घातली. घण चालू होते. चेअरमननी कपाळाला हात लावला, आणि मला वाटलं, संपलं. मामांची खुर्ची, आतली खोली, सोसायटी, आणि अर्थात माझी आवक-जावकही.

हलवाई एका दगडावर बसले. छत्री उघडली आणि मामांना ओढून सावलीत शेजारी बसवलं. "मामासाब, चालीस साल से कढाई पे बैठा हूँ. तालाब की हरी घास खाई भैंस का खोया कैसा रहता, मेरेकू नहीं मालूम क्या? तुम्हारा खोया पहले दिन से कडबे का है. सूखा, दानेदार. वैसाच होना मेरेकू, इसी वास्ते लेता."

मामांनी मान वर केली. "मालूम था? फिर ये कमल-वमल पढते काय को थे?"

"मैं अकेला कहाँ पढता जी. जुम्मेरात कू खत आता, तो कढाई के सब लोगां काम छोडके बैठते. मैं पढता, वो सुनते." हलवायांनी छत्री मामांकडं कलती केली. "भट्टी के सामने बहुत गरमी होती जी." मग म्हणाले, "दो महीने से खत नहीं. लोगां पूछते, मामा के तालाब कू क्या हुआ? मैं बोला, जाके देखके आता. मामासाब जिंदा हैं ना, बस."

घणाचे आवाज येत होते. मामा रुमाल काढून तोंड पुसत होते, आणि ती एस.टी. लागल्याची खूण नव्हती. दुसऱ्या गाडीनं हलवाई परत गेले, जाताना चेअरमनना एवढंच म्हणाले, "पानी पडेगा, खोया लेऊंगा. मगर खत नक्को रोको." त्याच आठवड्यात सोसायटीची बैठक झाली आणि चेअरमननी मला ठराव लिहायला सांगितला, 'हैदराबाद येथील ग्राहकाशी तळ्याबाबतचा पत्रव्यवहार चालू ठेवणे व त्याकामी टपालखर्च मंजूर.' एक संचालक म्हणाले, "पण तळं हाय कुठं?" चेअरमन म्हणाले, "गप बसा. इक्री विभागाची बाब हाय ती." आतली खोली उघडीच राहिली. घरी आत्या मात्र आठवडाभर धुमसत होती. "तळं हुतं म्हणं आपल्याकडं. आदी सांगायचं तरी. म्या दोन घागरीसाठी तीन कोस कशाला मेले आसते? धुणंबी तिकडंच न्हेलं आसतं." मामा खाली मान घालून भाकरी खात होते, पण मिशीत हसत होते.

पुढच्या मृगात पाऊस झाला. कढया सुलट्या झाल्या, कोंबड्यांनी दुसरी जागा बघितली. आणि तो पाझर तलाव भरला. खरंच भरला. पहिल्या दिवशी मामा कोट घालून बांधावर गेले आणि दिवस मावळेपर्यंत बसले. आल्यावर लिहिलेलं पत्र त्यांनी मला मराठीत वाचून दाखवलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पाणी मातकट आहे. काठाला चिखल आहे. कमळं नाहीत. म्हशी उतरतात, पण पाण्याच्या पाळीवरून दोन भावक्यांची भांडणं झाली. सगळं खरं. आठवड्यानं उत्तर आलं. मामांनी ते वाचलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि मला सांगितलं, "नवं तळं झालं म्हणून मुबारक लिवलंय. आन इचारलंय, जुन्या तळ्याची खुशाली काय?"

मग मामांनी दौत उघडली, डोळे मिटले आणि जुन्या तळ्यावर गेले. त्यानंतर किती तरी वर्षं ते जात राहिले. पुढं हैदराबादहून पत्रं यायची थांबली, एक कार्ड आलं, ते दुसऱ्याच हातचं होतं. ते वाचून मामांनी त्या दिवशी कुणालाच पत्र लिहिलं नाही. त्यानंतर दोन पावसाळे मामा होते.

त्यांच्या खुर्चीवर आता मी बसतो. तळ्याचं वारं नव्या पाझर तलावावरून खरोखरच खिडकीशी येतं, आणि मी दरपत्रकं लिहितो. दर चोख असतात, माल चोख असतो, गिऱ्हाइकं टिकून आहेत. पण माझं पत्र कुठल्या कढईपुढं कुणी वाचून दाखवल्याचं माझ्या कानावर नाही. मामांची ती सगळी पत्रं हैदराबादेत राहिली, आणि हलवायांची आमच्याकडं एका ट्रंकेत आहेत. मला ती वाचता येत नाहीत. उन्हाळ्यात छपराचा पत्रा तापला की मी कधी कधी एखादं काढतो, समोर धरतो, डोळे मिटतो. म्हशी दिसतात. शिंगं दिसतात. शिंगावरचा बगळा आहे का नाही, एवढ्यावर येऊन मी अडकतो. परवा आमची आत्या, आता ऐंशीच्या घरात, काठी टेकत ऑफिसात आली आणि दारातूनच म्हणाली, "आरं, झोपलास का काय?" मी डोळे उघडले नाहीत. ती मामांच्या टेबलापुढच्या बाकड्यावर बसत हळूच म्हणाली, "गेलाच हायस तर बघ की रं, ते हायत का तितं."